जुन्या ऑर्गनची दुरुस्ती : आधी हवा, मग झडपा, शेवटी सूर

हा लेख पायाने भाता मारून वाजवायच्या, रीडच्या, म्हणजे हवेने थरथरून स्वर देणाऱ्या पितळी जिभांच्या, ऑर्गनबद्दल आहे. संगीत नाटकाला ज्याची साथ असे आणि लहान चर्चमध्ये ज्यावर प्रार्थनागीते वाजवली जातात, तोच हा ऑर्गन. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे इथल्या जुन्या मराठी घरांत किंवा संस्थांच्या माळ्यावर असा ऑर्गन निघाला की तो पुन्हा वाजता करावा असे कोणालाही वाटते. मात्र घरगुती दुरुस्तीतून गेलेल्या वाद्यांत एकच चूक वारंवार दिसते. भाता फाटका असतानाच कोणीतरी रीड घासून सूर लावायला घेतलेले असतात. भाता गळका असला की रीडला पुरेशी ओढ मिळत नाही, स्वर दबका आणि उशिरा येतो आणि ऐकणाऱ्याला तो बेसूर वाटतो. पुढे भाता नीट झाल्यावर तीच रीड बेसूर बोलू लागते, आणि घासून काढलेले पितळ तर परत लावता येत नाही. म्हणून खालील टप्प्यांचा क्रम बदलू नये आणि एका टप्प्याची तपासणी उतरल्याखेरीज पुढच्या टप्प्याला हात घालू नये.

पूर्वतयारी : ऋतू, जागा आणि सामान

इंदुरात हे काम दसऱ्यानंतर काढावे आणि होळीच्या आत संपवावे. पावसाळ्यात सरस लवकर वाळत नाही, त्यावर बुरशी येते आणि फुगलेल्या लाकडावर बसवलेली झडप हिवाळ्यात गळू लागते. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि सरस पसरवून होण्याआधीच थिजतो. गणेशोत्सवातल्या नाट्यसंगीताच्या कार्यक्रमासाठी वाद्य हवे असेल तर काम आधीच्या हिवाळ्यातच उरकायला हवे. नाताळसाठी हवे असेल तर ऑक्टोबरमध्ये उघडलेले वाद्य डिसेंबरपर्यंत होईलच असे धरून कोणाला शब्द देऊ नये, कारण भात्याला वाळायला आणि रीडना स्थिरावायला लागणारा वेळ घाई करून कमी होत नाही.

वाद्याच्या चारही बाजूंनी फिरता येईल अशी, पंख्याचा वारा आणि ऊन थेट न येणारी खोली निवडावी. सामानात वेगवेगळ्या रुंदीचे पेचकस, मऊ केसांचे ब्रश, बोथट सुरी, चिमटा, विजेरी, जाड पुठ्ठे, पेन्सिल आणि कागदी चिठ्ठ्या असाव्यात. जुने स्क्रू सपाट खाचेचे असतात. खाचेत घट्ट न बसणारा पेचकस वापरला की खाच चेपते आणि मग तो स्क्रू निघत नाही. सरस, मऊ पातळ कातडे, लोकरीचे फेल्ट आणि रबर चढवलेले सुती कापड आधी आणून ठेवावे. हत्यारे आणि स्क्रू इंदूरच्या सियागंज बाजारात मिळतील, पण कापडाच्या बाबतीत मिळेल ते घेऊ नये. दुकानदार हमखास रेक्झिन पुढे करतो. रेक्झिन ताठ असते, घडीवर तडकते आणि त्याच्या भात्याला पायाचा जोर दुप्पट लागतो. भात्याचे कापड मुठीत चुरगाळले असता आवाज न करता परत उलगडले पाहिजे.

टप्पा १ : वाद्याची जात ओळखणे आणि नोंद करणे

हातपेटी वाजवणाऱ्यांचा इथे गोंधळ होतो. पेटीचा भाता हवा रीडवर ढकलतो. एस्टी किंवा मेसन अँड हॅम्लिन यांसारख्या अमेरिकन कारखान्यांच्या ऑर्गनमध्ये भाता हवा आत ओढतो आणि खोलीतली हवा रीडमधून खाली जाते. ओळखायची रीत सोपी आहे. मागची फळी काढून पेडल मारावे. मोठा भाता मारता मारता मिटत गेला आणि सोडल्यावर कमानींच्या (स्प्रिंगांच्या) जोराने पुन्हा उघडला, तर वाद्य ओढीचे आहे. तो मारताना फुगत गेला, तर वाद्य दाबाचे, म्हणजे युरोपीय हार्मोनियमच्या पद्धतीचे आहे. पुढचे विवेचन ओढीच्या ऑर्गनचे आहे. हवा ओढत असल्यामुळेच खोलीतली धूळ, लोकरीचे तंतू आणि झुरळांचे अवशेष थेट रीडमध्ये जाऊन बसतात. मुक्या स्वरांचे सर्वांत मोठे कारण तेच असते.

काही उघडण्याआधी आहे त्या अवस्थेत वाद्य वाजवून तक्ता करावा. बहुतेक ऑर्गनना ६१ पट्ट्या असतात. एकेक स्टॉप (रीडची एक ओळ चालू-बंद करणारी खुंटी) ओढून प्रत्येक पट्टी दाबावी आणि ती बोलते, बोलत नाही, फडफडते, उशिरा बोलते की न दाबताच वाजत राहते, हे लिहावे. सगळेच स्वर मंद असतील तर दोष भात्यात आहे. एखादाच स्वर मुका असेल तर जिभेखाली कचरा आहे असे समजावे. पट्टी सोडल्यावरही स्वर वाजत राहिला तर झडप नीट बसत नाही किंवा पट्टी अडकते आहे. एका पट्टीबरोबर शेजारचा स्वरही कण्हत असेल तर रीड बसवलेल्या मुख्य फळीला भेग असू शकते. तसे दिसले, किंवा त्या फळीला वाळवी लागलेली आढळली, तर घरी पुढे जाऊ नये. वाद्य जाणत्या कारागिराला दाखवावे.

टप्पा २ : उघडणे

आधी मागची फळी, मग वरचे शोभेचे लाकूडकाम, मग स्टॉपच्या खुंट्यांचा सांगाडा, शेवटी पट्ट्या, या क्रमाने वाद्य उघडावे. प्रत्येक पायरीवर फोनवर छायाचित्र घ्यावे, विशेषतः स्टॉपच्या तारा कोणत्या आकड्यात अडकवल्या आहेत त्याचे. पुठ्ठ्यावर त्या भागाचा ढोबळ आराखडा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवावा. सगळे स्क्रू एका डब्यात टाकले की हमखास लांब स्क्रू आखूड भोकात जातो आणि फळी आरपार फुटते.

पट्ट्यांवर क्रमांक छापलेले नसतील तर लाकडी शेपटीवर पेन्सिलीने घालावेत. पट्ट्यांखालच्या बारीक लाकडी काड्या, ज्या पट्टीचा दाब झडपेपर्यंत पोहोचवतात, त्या दिसायला सारख्या असल्या तरी लांबीत किंचित फरक असतो. पुठ्ठ्याला ६१ भोके पाडून त्यात त्या ओळीने खोचाव्यात.

नंतर स्टॉपच्या आवरणाच्या फळ्या काढून रीड बाहेर घ्याव्यात. प्रत्येक रीड आपल्या खाचेत सरकवून बसवलेली असते आणि तिच्या मागच्या टोकाला आकडा अडकवण्यापुरती खाच असते. पोलादाच्या चपट्या पट्टीचे टोक वाकवून आकडा करावा, तो त्या खाचेत धरून रीड सरळ रेषेत ओढावी. वर कोणती बाजू होती तेही टिपून ठेवावे. रीड फळीवर ओळीने मांडून, क्रमांक घालून, मलमलीने झाकून ठेवाव्यात. त्यांना इतक्यात घासायचे नाही.

सावधान : पट्ट्यांचा पांढरा मुलामा सेल्युलॉइडचा असू शकतो. त्याला थिनर किंवा नेलपॉलिश काढायचे द्रव लावू नये, मुलामा विरघळतो. हे द्रव्य लवकर पेटही घेते. ओलसर फडके पुरते.

उरलेला वरचा सांगाडा मुख्य फळीच्या कडेच्या स्क्रूंनी भात्याच्या पेटीवर घट्ट केलेला असतो. त्यातले एक-दोन स्क्रू पट्ट्यांच्या खाली लपलेले असतात. सांगाडा सहज उचलला जात नसेल तर जोर लावू नये. राहिलेला स्क्रू शोधावा. उचलायला दोघे लागतात.

टप्पा ३ : भाता

या टप्प्याला सर्वांत जास्त दिवस द्यावेत. इथे तीन भाते असतात. पेडलला जोडलेले दोन छोटे भाते हवा ओढतात आणि त्यांच्या मागचा मोठा भाता ती ओढ साठवून एकसारखी ठेवतो.

सावधान : मोठ्या भात्याच्या आत जोरदार कमानी असतात. कापड कापण्याआधी भाता मिटवून दोरीने घट्ट बांधावा. तो तसा न बांधता कापड फाडले तर कमान उसळून बोटे फोडते.

कापड काढण्याआधी भाता पूर्ण उघडल्यावर दोन फळ्यांत किती अंतर पडते ते रुंद बाजूला मोजून लिहावे. हे माप चुकले तर नवे कापड एक तर ताणले जाते किंवा लोंबते, आणि दोन्हींत भात्याची शक्ती कमी होते. जुने कापड शक्यतो अखंड काढावे, तेच नव्याचे माप असते. आत घड्यांना आकार देणाऱ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या असतात. त्यांची जागा जुन्या कापडावरूनच कळते. लाकडाला चिकटलेला जुना सरस कोमट ओल्या फडक्याने मऊ करून सुरीने खरवडावा. लाकूड भिजवू नये. जुन्या सरसाच्या थरावर नवा सरस धरत नाही, हे बरेच जण विसरतात आणि सहा महिन्यांत कड उचकटते.

छोट्या भात्यांच्या फळ्यांवर भोके असतात आणि त्यांवर कातड्याच्या पट्ट्या टोकांना खिळवलेल्या असतात. हवा एकाच दिशेने जाऊ देणे हे त्यांचे काम. कातडे ताठ झाले असेल तर भाता कितीही नवा केला तरी ओढ धरत नाही. ते बदलताना नवे कातडे मऊ घ्यावे आणि भोकावर सपाट बसेल इतकेच ताणावे. फार ताणले तर हवा जाताना उघडत नाही, ढिले सोडले तर परतीला बंद होत नाही. कापड चढवल्यावर या पट्ट्यांपर्यंत हात पोहोचत नाही, म्हणून त्या आधीच कराव्यात.

सरस रात्रभर पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या भांड्यात भांडे ठेवून सुमारे ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा. उकळला तर त्याची पकड जाते. फेव्हिकॉल सोयीचा वाटतो आणि आज घट्टही बसतो, पण पुढच्या पिढीत भाता पुन्हा करायची वेळ आली की कापडाबरोबर लाकडाचे धलपे निघतात. सरस ओल्या उबेने सुटतो, म्हणूनच या वाद्यांत तो वापरला गेला आणि आजही तोच वापरावा, असे माझे ठाम मत आहे.

मोजलेल्या अंतराचे ठोकळे फळ्यांच्या मध्ये ठेवून भाता उघडा धरावा. कापडाची सुती बाजू लाकडाकडे असावी. रुंद बाजूच्या मध्यापासून सुरुवात करून दोन्ही हातांनी बिजागरीकडे जावे आणि एका वेळी वीतभरच सरस लावावा. कोपऱ्यांवर कातड्याचा लहान तुकडा वरून चिकटवावा, कारण पहिली गळती तिथेच सुरू होते. सरस पूर्ण कडक होण्याआधी ठोकळे काढून भाता हलकेच मिटवावा म्हणजे घड्या योग्य जागी पडतात. मग दोन दिवस त्याला हात लावू नये. त्या काळात पेडलचे पट्टे बदलता येतात. पलंगाची सुती नवार त्यासाठी उत्तम चालते, नायलॉनची पट्टी ताणून लांबते.

तपासणी : भात्याच्या पेटीवरचे मोठे तोंड सपाट फळी आणि रबराच्या कापडाने झाकून पेडल मारावे. मोठा भाता पूर्ण मिटला की पाय काढावा आणि घड्याळ बघावे. तो उघडायला निदान अर्धा मिनिट तरी लागला पाहिजे. लवकर उघडला तर उदबत्ती पेटवून कापडापासून चार बोटे दूर, सांध्यांच्या कडेने फिरवावी. धुराची रेघ जिथे आत वळते तिथे गळती आहे.

मोठ्या भात्याला एक लहान झडप असते. भाता पूर्ण मिटला की ती उघडून जादा ओढ सोडते. ती गळती नव्हे. ती बुजवली तर जोराने वाजवताना नवे कापड फाटते.

टप्पा ४ : झडपा

भात्याची तपासणी उतरल्यावर वरचा सांगाडा उलटा करून झडपांकडे वळावे. प्रत्येक पट्टीला एक लांबट लाकडी झडप, तिला फेल्ट, फेल्टवर कातडे, दोन टोकांना वाट दाखवणाऱ्या खिळ्या आणि मध्ये कमान, अशी रचना असते. फेल्टला कसर लागलेली असते. नुसती धूळ असेल तर कातडे मऊ ब्रशने झाडून त्याची लव उभी करावी. कसर लागली असेल तर एक-दोन झडपांची मलमपट्टी न करता सगळ्यांचेच फेल्ट बदलावे. नव्या फेल्टची आणि कातड्याची मिळून जाडी जुन्याइतकीच असली पाहिजे. अर्धा मिलिमीटर फरकही वर पट्ट्यांच्या पातळीत दिसतो आणि मग लोक काड्या तासत बसतात. कातड्याची खरखरीत, लव असलेली बाजू बाहेर, म्हणजे मुख्य फळीकडे यावी. सरस कडेने थोडाच लावावा, फेल्टमध्ये मुरला तर ते दगडासारखे होते.

खिळ्या गंजलेल्या असतील तर बारीक पॉलिश पेपरने साफ करून त्यांवर पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळावी. शिवणयंत्राचे तेल किंवा गंज सोडवायचा फवारा इथे कधीही वापरू नये. तेल लाकडात आणि कातड्यात उतरते, धूळ धरते आणि पुढच्या पावसाळ्यात झडप चिकटते. कमानी ओढून ताठ करायचा मोहही टाळावा, एका कमानीचा जोर वाढला की ती पट्टी बोटाला वेगळी लागते.

तपासणी : खोलीत अंधार करून रीडच्या खाचांच्या बाजूने विजेरी धरावी आणि झडपांच्या कडांकडे बघावे. उजेडाची रेघ दिसली तिथे झडप बसलेली नाही.

टप्पा ५ : रीड साफ करणे

आता रीड हातात घ्याव्यात. पितळेच्या चौकटीला एका टोकाला रिव्हेटने जडवलेली पितळेची पातळ जीभ म्हणजे रीड. उजेडासमोर धरली की जीभ आणि चौकट यांच्यामध्ये चारही बाजूंनी केसाइतकी सारखी फट दिसते. जिथे फट मध्येच तुटते तिथे लोकरीचा एखादा तंतू अडकलेला असतो आणि तेवढ्याने स्वर मुका होतो.

मऊ कोरड्या ब्रशने रिव्हेटकडून टोकाकडे झाडावे, आडवे घासू नये. जिभेखालून पातळ कागदाची पट्टी हलकेच सरकवून कचरा काढावा. मेण किंवा तेलकट थर असेल तर कोमट पाणी आणि किंचित सौम्य साबण वापरून धुवावी, स्वच्छ पाण्यातून काढावी आणि लगेच कोरडी करावी. पितळ आहे म्हणून चिंच, लिंबू, राख किंवा भांडी चमकवायची पावडर लावण्याची चूक आपल्या घरांत अगदी सहज होते. आंबट पदार्थ आणि खरखरीत पूड जिभेचे पितळ खातात, आणि स्वर तर जिभेच्या जाडीवरच अवलंबून असतो. काळपट पडलेली रीड काळपटच राहू द्यावी.

सावधान : काही रीडच्या जिभा मुद्दाम किंचित वळवलेल्या किंवा पिळलेल्या असतात. स्वराचा पोत त्या वळणातून येतो. वाकडी दिसली म्हणून जीभ सरळ करू नये.

रीड आपल्या खाचेत बोटाच्या जोराने घट्ट बसली पाहिजे. सैल असेल तर चौकटीच्या कडेला पातळ कागदाची पट्टी द्यावी, नाहीतर ती झणझणते. दाबाच्या हार्मोनियममध्ये रीड स्क्रूने बसवलेल्या असतात. तिथे स्क्रू अति आवळले तर चौकट वाकते आणि जीभ कडेला घासते.

टप्पा ६ : जोडणी

उघडले त्याच्या उलट क्रमाने सर्व भाग जोडावेत. वरचा सांगाडा आणि भात्याची पेटी यांच्यामधले कातडे दबून कडक झाले असेल तर बदलावे, कारण एवढी मेहनत करूनही अनेकदा गळती इथेच राहते. स्टॉपची खुंटी आत असताना त्या ओळीचा एकही स्वर कुजबुजला नाही, तर आवरणे नीट बसली. गुडघ्याने हलवायच्या फळ्या सोडल्यावर आपल्याआप परत आल्या पाहिजेत.

टप्पा ७ : सुरात लावणे

वाद्य जोडल्यावर निदान पंधरा दिवस रोज थोडे वाजवावे आणि मगच सूर तपासावेत. रीडवरची उरलीसुरली धूळ या काळात झडते आणि अनेक ‘बेसूर’ स्वर हात न लावता जागेवर येतात.

मग ट्यूनरवर सगळे स्वर मोजून लिहावेत. सगळेच सुमारे २० सेंट (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) उतरलेले दिसले तर वाद्य बेसूर नाही. ते ४३५ हर्ट्झच्या जुन्या मापाला लावलेले आहे. आजचे ४४० चे माप आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरले ते १९३९ मध्ये. दोन ओळींच्या ऑर्गनमध्ये १२२ रीड असतात. त्या सगळ्या घासून ४४० ला नेण्याचा हट्ट धरू नये, कारण तेवढ्या घासणीने जिभा दुबळ्या होतात. गायक त्या सुरात सहज गातो, तबला त्या सुराला लावता येतो, इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा आणि बहुतेक कीबोर्डांचा सूर बारीक खालीवर करता येतो. जुळवून घ्यायचेच तर या वाद्यांनी घ्यावे.

इतरांपेक्षा वेगळ्या पडलेल्या रीडच घ्याव्यात. जिभेखाली पोलादाची पातळ पत्ती आधाराला ठेवावी. स्वर चढवायचा असेल तर टोकाजवळ आणि उतरवायचा असेल तर रिव्हेटजवळ, जिभेच्या लांबीच्या दिशेने एक-दोनदाच खरवडावे. हाताच्या उबेने रीड तापते, म्हणून परत बसवून थोडे थांबावे आणि मग मोजावे. मोजताना पायाची लय एकसारखी ठेवावी. आधी मूळ सप्तकाची ओळ पूर्ण करावी आणि वरच्या सप्तकाची ओळ तिच्याशी जुळवावी. दोन स्वर एकत्र वाजवताना ऐकू येणाऱ्या लहरी थांबल्या की ते जुळले.

दोन चुका इथे विशेष होतात. पहिली, हातपेटी गायकाच्या षड्जाला शुद्ध श्रुतींनी लावण्याची सवय ऑर्गनवर चालवणे. गाणारा बदलला आणि पट्टी काळी एकऐवजी पांढरी चार झाली की तोच ऑर्गन कानाला टोचतो, म्हणून त्याचे बारा स्वर समान अंतराने लावावेत. दुसरी, सेलेस्ट नावाच्या स्टॉपची ओळ ‘दुरुस्त’ करणे. ती ओळ मुद्दामच दुसरीपेक्षा किंचित वेगळी लावलेली असते आणि त्या फरकातून स्वर हेलकावतो.

नंतरची काळजी

वाद्य आठवड्यातून एकदा तरी वाजवावे, एरवी झाकण बंद ठेवावे. उन्हाळ्यात कूलरच्या झोतासमोर ते ठेवू नये. एका बाजूने ओल आणि दुसरीकडून कोरडी झळ लागली की मुख्य फळी तडकते. पेडलच्या वरच्या फटीतून उंदीर शिरतात, तिथे बारीक जाळी आतून ठोकावी. डांबराच्या गोळ्या कापडी पुरचुंडीत बांधून भात्याच्या कप्प्यात ठेवाव्यात, रीडजवळ नाही.

पहिला पावसाळा संपल्यावर मागची फळी उघडून अर्ध्या मिनिटाची तपासणी पुन्हा करावी आणि मुख्य फळीचे स्क्रू बोटाच्या जोराइतकेच आवळून पाहावेत. कोणते कापड वापरले, झडपांच्या फेल्टची जाडी किती होती आणि कोणत्या क्रमांकाच्या रीड खरवडल्या, हे तारखेसह लिहून तो कागद मागच्या फळीला आतून चिकटवावा.